तेराव्या महिन्याचा आवाज

मी नांदेडच्या श्रीनगरातला एक काळा डबा बोलतोय.

पावतीवर माझं नाव ‘नेटवर्क स्टोरेज’ असं भारदस्त आहे, पण त्या नावानं मला या घरात कुणी हाक मारली नाही. दोन विटा उभ्या करून शेजारी शेजारी ठेवाव्यात एवढा माझा आकार. समोर दोन हिरवे दिवे, पाठीमागे एक पंखा, पोटात दोन डिस्क. एका वायरनं मला राउटरला बांधलंय. त्यामुळे घरातल्या कुठल्याही खोलीतून, आणि परवानगी असेल तर परगावाहूनही, माझ्यापाशी ठेवलेलं मागून घेता येतं. दिलेलं ठेवायचं आणि मागितलेलं द्यायचं, एवढंच माझं काम. एवढ्याशा कामात मी एकदा नापास झालो.

माझ्यापाशी एका माणसाचा आवाज आहे. तो माणूस रोज माझ्यासमोर खुर्ची टाकून बसतो, पण त्याच्या गळ्यात आता तो आवाज नाही. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढावं लागलं. म्हणजे रेणुकादास सरांचा आवाज तेव्हा जगात फक्त माझ्या पोटात उरला. आणि त्यातलेच सत्तावीस दिवस मी घालवून बसलो होतो. ते कसे गेले आणि कुठून परत आले, हे सांगायला आज तोंड उघडलंय.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला, त्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते सुदर्शनच्या दुकानातलं फळकूट. वजिराबादेतल्या एका बोळात त्याचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. तिथं मी तीन महिने प्रिंटरच्या शाईच्या खोक्यांमागं धूळ खात पडलो होतो. मग एका दुपारी राजश्रीताई आल्या, आणि त्यांच्या मागून त्यांचे वडील, रेणुकादास सर.

ताई एका कॉलेजात ग्रंथपाल आहेत. सरांनी छत्तीस वर्षं इतिहास शिकवला आणि निवृत्त झाले, पण शिकवण्याची खोड काही निवृत्त झाली नाही. ती खोड भागवायला निमित्त मिळालं शिवांगीचं. शिवांगी चाकूरजवळच्या गावातली, हणमंतराव नावाच्या शेतकऱ्याची मुलगी. तिला जन्मापासून दिसत नाही. ती इतिहास घेऊन शिकायला नांदेडला आली आणि पहिल्याच आठवड्यात ताईंच्या ग्रंथालयात येऊन तिनं विचारलं होतं, “ताई, ऐकायचं पुस्तक हाय का हो?”

नव्हतं. फोनमधली बाई पुस्तक वाचून दाखवते, पण ती मराठी अशी वाचते, की जणू तोंडात खडीसाखर धरलीय. ताईंनी ही गोष्ट घरी सांगितली. सर म्हणाले, “मग मी कशाला बसलोय?”

अशी सुरुवात झाली. घरातल्या मागच्या खोलीत घुमू नये म्हणून भिंतींवर वाकळा टांगल्या, मायक्रोफोन आणला, आणि सर रोज सकाळी पुस्तक वाचायला लागले. शिवांगी ऐके, तिच्या वसतिगृहातल्या आणखी चार-पाच मुली ऐकत. बघता बघता वाचन एवढं साचलं की ताईंचा लॅपटॉप भरला. म्हणून ही खरेदी.

“ताई, ह्याच्यात काय ठेवायचं हाय?” सुदर्शननं पहिलंच विचारलं. आधी सामानाचं विचारावं आणि मग डबा दाखवावा, ही त्याची चांगली सवय.

“आवाज,” ताई म्हणाल्या. “अण्णांचा.”

मग त्यानं मला पुढं ओढलं, फडक्यानं पुसलं आणि माझी ओळख करून दिली. साध्या कॉम्प्युटरमधली डिस्क दिवसाचे आठ-दहा तास चालायला केलेली असते. मला चोवीस तास जागं राहायचं असतं, म्हणून माझ्या डिस्क वेगळ्या, हळू फिरणाऱ्या, सोशीक. सरांनी ते सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, “यातला सगळ्यात कमी आवाज कुणाचा?”

“हाच सर. लई गरीब हाय.”

“मग हाच. माझ्या खोलीत एकानंच बोलायचं.”

माझी निवड अशी गरीबपणावर झाली. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

पुढं दोन डिस्कचा प्रश्न आला. दोन्ही मिळून एक मोठी जागा करायची, की एकीवर जे लिहिलं जाईल ते आपोआप दुसरीवरही उतरवायचं? दुसरं केलं तर जागा निम्मीच मिळते. सरांनी क्षणभरही विचार केला नाही. “मूळ आणि नक्कल. तहसिलातून नक्कल आणल्याशिवाय या जिल्ह्यात कुणाचं काम झालंय का कधी?” शिवाय त्यांनी दोन डिस्क दोन वेगळ्या खोक्यांतल्या घ्यायला लावल्या. एकाच थैलीतलं बी सगळ्या रानात टाकत नाहीत, म्हणाले. सुदर्शनसुद्धा मान डोलावत राहिला.

तो आणखी दोन गोष्टी सांगत होता. एक म्हणजे, थोडा भारीतला डबा घेतला तर तो रोजच्या जुन्या फायलींची आठवण धरून ठेवतो. काही चुकून पुसलं तर मागच्या आठवड्यातलं परत काढता येतं. ताई म्हणाल्या, “आपण कशाला पुसतोय?” दुसरी गोष्ट, एक प्रत घराबाहेर ठेवा, जमलं तर परगावी. त्यावर सर हसले. “परगावी आपलं कोण आहे आता?”

मी तिथंच पडून हे सगळं ऐकत होतो. मलाही तेव्हा वाटलं, हा सुदर्शन उगाच भीती घालतोय. दोन डिस्क, दोन दिवे, मी असताना काय होणार? नव्या जावयासारखा मीही तोऱ्यात होतो.

घरी आल्यावर ताईंनी मला हळद-कुंकू लावलं आणि डोक्यावर क्रोशाचा रुमाल घातला. या घरात टीव्ही, मिक्सर, फ्रीज, सगळ्यांच्या डोक्यावर एकेक रुमाल होता, मग मीच उघडा कसा राहणार? आठ दिवसांत मी तापलो. सुदर्शन आला आणि रुमाल उचलून म्हणाला, “ताई, ह्याला श्वास घेऊ द्या की. लग्नातली नवरी हाय का ही?” तेव्हापासून माझ्या डोक्यावर काही नाही. रुमाल खाली आहे, आसनासारखा.

सरांची रीत ठरलेली होती. साडेसहाला अंघोळ करून यायचं, पाण्याचा तांब्या शेजारी ठेवायचा, घसा खाकरायचा आणि आधी तिथी सांगायची. “आज वैशाख वद्य षष्ठी. पान एकशे बारा.” मग वाचन. इंग्रजी तारखेवर त्यांचा विश्वास नव्हता, पंचांगावर होता. एकादशीला आणि अमावास्येला मौन. वाचता वाचता मध्येच थांबून म्हणायचे, “हे परीक्षेत येतं बरं का,” आणि पुढं जायचे. ताई ती मधली वाक्यं, खाकरणं, पाणी पिणं काढून टाकायच्या विचारात होत्या. शिवांगीनं हात जोडले. “ताई, तेच तर ऐकायला गोड वाटतंय.”

वाचून झालं की ताई कॉलेजला जाण्याआधी फाईल माझ्या हवाली करायच्या. ग्रंथपालच त्या, नाव देण्याची शिस्त बांधून ठेवलेली: शक, महिन्याचा आकडा, पक्ष, तिथी. चैत्र एक, वैशाख दोन, असे बारा महिन्यांचे बारा आकडे. म्हणजे श्रावण शुद्ध तृतीयेची फाईल ‘पाच-शुद्ध-तीन’. सरांची तिथीही राहिली आणि ताईंचा क्रमही लागला. दोघंही खूश.

कधी कधी सरांना आपलं वाचन पसंत पडायचं नाही. संध्याकाळी ते तोच भाग पुन्हा वाचायचे. मग ताई नवी फाईल त्याच नावानं ठेवायला जायच्या, आणि मी विचारायचो, “या नावाची फाईल आधीच आहे. तिच्या जागी ही ठेवायची का?” ताई ‘हो’ दाबायच्या. हे इतक्या वेळा झालं की माझा प्रश्न संपायच्या आत त्यांचं बोट ‘हो’वर असायचं. माणसांचं असंच असतं. सारखं विचारणाऱ्याचं कुणी ऐकत नाही.

त्या वर्षी श्रावण अधिक आला.

अधिक महिन्यात नव्या ग्रंथाला हात घालायचा नाही, हा सरांचा नेम. हातातलं पुस्तक आषाढाच्या अमावास्येआधीच संपलेलं. मग महिनाभर करायचं काय? पहिल्या दिवशी ते पुस्तकाविनाच मायक्रोफोनपुढं बसले. “आज अधिक श्रावण शुद्ध प्रतिपदा. आज पान नाही. आज मी नुसता बोलणार आहे.”

आणि ते बोलले. महिनाभर. हैदराबाद संस्थानात असताना आपले वडील शाळेत उर्दूतून गणित कसे शिकले ते, हदगावच्या पहिल्या नोकरीत छपरातून पाणी गळायचं तेव्हा छत्रीखाली घेतलेले तास, सनावळी लक्षात ठेवायच्या युक्त्या, लांब उत्तराला तोंड कुठून फोडायचं ते. यातलं कुठल्या पुस्तकात नव्हतं, कुठं लिहिलेलं नव्हतं. सत्तावीस दिवस मी ते तास पोटात साठवले. खरं सांगतो, आयुष्यात एवढं चांगलं काही माझ्या वाट्याला आलं नव्हतं.

त्यात एक ‘लेखनिकाचा तास’ होता, अधिक श्रावण वद्य त्रयोदशीचा. दृष्टी नसलेल्या मुलांना परीक्षेत लेखनिक मिळतो. मुलानं सांगायचं, त्यानं लिहायचं. सरांनी तो सगळा तास फक्त शिवांगीसाठी, कसं सांगायचं यावर घेतला होता.

मग निज, म्हणजे नेहमीचा श्रावण लागला. सरांनी महसुलावरचा एक जाडजूड ग्रंथ वाचायला घेतला. ताईंनी नेहमीप्रमाणे नाव दिलं, ‘पाच-शुद्ध-एक’. बारा महिन्यांचे बारा आकडे होते, तेराव्याला आकडाच नव्हता. मी विचारलं, “या नावाची फाईल आधीच आहे. तिच्या जागी ही ठेवायची का?”

त्यांना वाटलं, अण्णांनी पुन्हा वाचलं असेल. ‘हो’.

दुसऱ्या दिवशी ‘हो’. तिसऱ्या दिवशी ‘हो’. तोच नेम, त्याच तिथी, त्याच दोन एकादशा आणि तीच अमावास्या वगळून. सत्तावीस वेळा मी विचारलं आणि सत्तावीस वेळा माझ्याच हातानं सरांचं बोलणं पुसलं. एका डिस्कवरून पुसलं की दुसरीवरूनही पुसायचं, हे माझं कर्तव्य. तेही मी चोख केलं.

दिवाळीनंतर सरांचा आवाज बसू लागला. आधी वाटलं थंडी, मग वाटलं फार बोलणं झालं. काढे झाले, गुळण्या झाल्या. शेवटी हैदराबादेत तपासणी झाली आणि माघात ऑपरेशन. सर घरी आले तेव्हा गळ्याशी मऊ पांढरा रुमाल होता आणि हातात पाटी-पेन्सिल. पहिल्याच दिवशी ते या खोलीत आले, मायक्रोफोनवरची धूळ पुसली आणि पाटीवर लिहिलं, “तास संपला.”

ताई ते वाचून स्वयंपाकघरात निघून गेल्या. मी पंखा हळू केला. मला दुसरं काय करता येणार?

पुढच्या जून महिन्यात शिवांगी घरी आली. तिची अध्यापकीसाठीची परीक्षा जवळ आली होती. “ताई, सरांचा तो लेखनिकाचा तास ऐकायचा हाय. माझा फोन लहान, तेव्हा ऐकून पुसून टाकला होता. अधिकातला, वद्य त्रयोदशीचा.”

ताईंनी ‘पाच-वद्य-तेरा’ लावली. सरांचा आवाज खोलीत भरला. “आज निज श्रावण वद्य त्रयोदशी. पान दोनशे एक्याऐंशी. जमाबंदीची पद्धत…”

“हे ते न्हाई, ताई.”

ताईंनी अलीकडची लावली, पलीकडची लावली. प्रत्येकीत जमाबंदी. मग त्या उठल्या आणि स्वयंपाकघरातून मागच्या वर्षाची दुधाच्या खाड्यांची दिनदर्शिका घेऊन आल्या. दोन पानांवर दोन श्रावण छापलेले होते. ताई एकदा या पानाकडं बघत, एकदा त्या. मग खुर्चीत बसल्या आणि कपाळाला हात लावला. “दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा. शिवांगी, मी अण्णांना पुसून टाकलं गं. माझ्या हातानं.”

सुदर्शनला बोलावलं. त्यानं दोन्ही डिस्क बाहेर काढल्या, आपल्या मशीनला लावल्या आणि दुपारपर्यंत खटपट केली. नऊ-दहा महिन्यांत त्या जागेवर पुन्हा पुन्हा लिहिलं गेलेलं, मिळणार काय?

“पण दोन प्रती होत्या ना?” ताई विचारत होत्या. “दोन प्रती म्हणून तर हा डबा घेतला.”

“ताई, ह्या दोन प्रती न्हाईत, आरसा हाय,” सुदर्शन हळू आवाजात म्हणाला. “डिस्क मेली तर आरसा वाचवतोय. पण तुम्ही कपाळाची टिकली काढली, तर आरशातल्या बाईचीबी निघते. मी तेव्हाच म्हणलो होतो, एक प्रत परगावी ठेवा.”

सर दारात उभे होते. सगळं त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी पाटीवर दोनच शब्द लिहून ताईंपुढं धरले. “जाऊ दे.” ताईंना रडू आवरेना. त्या म्हणाल्या, “रागवा तरी, अण्णा.” रागवायलाही आवाज लागतो, हे बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

शिवांगी कोपऱ्यात उभी होती. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. मला तिची ही लकब ठाऊक आहे. सांगायचं असतं पण जीभ रेटत नाही, तेव्हाची.

“सर,” ती शेवटी म्हणाली, “तुम्ही रागाला न येता ऐका. अधिकात मी गावाकडं गेले होते. आमच्या रानात डुकरांचा लई त्रास. भुईमूग उकरून टाकतात. बाबांनी बाजारातून कार्डवाला स्पीकर आणला होता, रात्रभर रानात गाणी लावायचे. पण गाण्याला डुकरं सरावली. बाबा म्हणले, माय, माणसाचं बोलणं दे, थांबून थांबून बोलणाऱ्या माणसाचं.” तिनं ओढणीचं टोक सोडलं. “मी तुमचे तास कार्डात भरून दिले, सर.”

ताईंनी डोळे पुसायचे थांबवले. सुदर्शननं तोंडावर हात ठेवला, पण त्याचे खांदे हलायचे ते हललेच.

“सांगायची लाज वाटत होती,” शिवांगी म्हणाली. “तुमच्या शिकवण्यावर मी डुकरं हाकलली.”

शिवांगीनं लगेच बाबांना फोन लावला. हणमंतरावांचा आवाज मोठा, स्पीकरवर न ठेवताही सगळ्यांना ऐकू आला. “हाय की गं माय. मागल्या पावसात भिजला, तवापासून बंद हाय. कडब्याच्या कोठीत पडलाय. कार्डाचं काय, ते मला काय ठावं? कुणी गाणी भरली असतील तर सांगता येत न्हाई.”

“काहीच करू नका, बाबा. हात लावू नका. हाय तसाच घेऊन या,” शिवांगी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं हणमंतराव आले. धुतलेलं धोतर, डोक्याला टापर, आणि काखेत टॉवेलात गुंडाळलेला स्पीकर. तान्ह्या लेकराला आणावं तसा आणला होता. आल्या आल्या त्यांनी सरांच्या पायाला हात लावला. “गुरुजी, चुकलं आमचं. पोरीचा दोष न्हाई, मीच मागितलं.”

सुदर्शननं स्पीकर उघडला. आतून भुसा पडला, एक वाळलेली गोगलगाय पडली. मग नखाएवढं कार्ड निघालं. त्यानं ते फुंकरलं, पुसलं, कार्ड रीडरमध्ये घातलं. मी दम धरून होतो. पाच वर्षांची हमी असलेला मी, दोन डिस्क आणि दोन दिव्यांचा मी, आणि आता सगळी मदार आठवडी बाजारातल्या त्या नखभर कार्डावर. एरवी माझा अपमान झाला असता. त्या दिवशी मी मनातल्या मनात त्याला नवस बोलत होतो.

आधी खरखर झाली. मग घसा खाकरल्याचा आवाज आला. तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला.

“आज अधिक श्रावण शुद्ध प्रतिपदा. आज पान नाही. आज मी नुसता बोलणार आहे.”

ताई दोन्ही हातांनी तोंड झाकून उभ्या राहिल्या. शिवांगीनं चेहरा आवाजाच्या दिशेनं वर केला होता. सर खुर्चीत ताठ बसून स्वतःला ऐकत होते, वर्गात एखादा हुशार मुलगा उत्तर देत असताना ऐकावं तसे. बऱ्याच वेळानं त्यांनी पाटी ओढली, काहीतरी लिहिलं आणि हणमंतरावांपुढं धरली. हणमंतरावांनी अक्षर लावून लावून मोठ्यानं वाचलं.

“डुकरं… काही… शिकली का?”

“शिकली न्हाईत, गुरुजी,” हणमंतराव अगदी गंभीरपणे म्हणाले, “पर एकदा ऐकलं की पुन्हा फिरकली न्हाईत.”

सर हसले. आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी पाटी पुसून लिहिलं, “माझ्या वर्गातली अर्धी पोरंही तशीच.” मग तर सगळेच हसले, ताई रडता रडता हसल्या. ऑपरेशननंतर त्या घरात पहिल्यांदा कुणी हसलं.

कार्डात चोवीस तास निघाले. शिवांगी वद्य एकादशीच्या आदल्या दिवसापर्यंतचं भरून गावी गेली होती. शेवटचे तीन, द्वादशी, त्रयोदशी आणि चतुर्दशी, कुठंच नव्हते. लेखनिकाचा तास त्यातच गेला.

ताईंनी चोवीस फायली मला दिल्या. या वेळी नाव देताना त्यांनी ‘पाच’च्या पुढं ‘अधिक’ लिहिलं. मी काही विचारलं नाही, त्या नावाचं माझ्यापाशी काही नव्हतंच. तरीही त्यांचं बोट बराच वेळ कळीवर टेकून राहिलं, दाबायला धजेना.

“आणि ते तीन?” सुदर्शननं विचारलं.

शिवांगी म्हणाली, “मी सांगू? मला पाठ हायेत.”

“सगळे?”

“मला लिहून ठेवता येत न्हाई ना दादा पेनानं. म्हणून ऐकलेलं ठेवायची सवय हाय.”

ताईंनी मायक्रोफोन तिच्या तोंडासमोर आणला. सर समोर येऊन बसले, मांडीवर पाटी, हातात पेन्सिल. शिवांगी तांब्यातलं पाणी प्यायली आणि तिनं घसा खाकरला. तो खाकरण्याचा आवाज इतका हुबेहूब सरांचा होता, की माझा पंखा क्षणभर अडखळला.

द्वादशीचा तास तिनं सांगितला. मग थोडं थांबून दुसरा सुरू केला. “आज अधिक श्रावण वद्य त्रयोदशी. आज पान नाही. पोरी, परीक्षेत तुझ्या शेजारी लेखनिक बसेल. तो तुझा हात आहे, तुझं डोकं नाही. वाक्य आधी मनात पुरं कर, मग बोल. घाई करू नकोस. तुला त्याचा कागद दिसत नाही, पण त्याच्या पेनाचा आवाज ऐकू येतो. पेन चालतंय तोवर गप्प राहा. पेन थांबलं, की पुढचं वाक्य.”

आणि तेव्हा मला कळलं, समोर सर काय करत होते. ते पाटीवर लिहीत होते. ती सांगेल तो शब्द न् शब्द. पाटी भरली की पुसत होते आणि पुन्हा लिहीत होते. पेन्सिलीची किरकिर खोलीत स्पष्ट ऐकू येत होती. ती चालू असेपर्यंत शिवांगी थांबायची. किरकिर थांबली, की पुढचं वाक्य. एके ठिकाणी तिचं चुकलं असावं. सरांनी पेन्सिल पाटीवर दोनदा आपटली, तिनं जीभ चावली आणि वाक्य दुरुस्त केलं. त्यांच्या मधोमध मी होतो आणि सगळं ठेवून घेत होतो.

त्याला आता दोन वर्षं झाली. शिवांगी परीक्षा पास झाली, हदगावच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवते. माझी एक डिस्क मध्यंतरी बदलली. उरलेली जुनी डिस्क कधीमधी कण्हते, तो आवाज बाकी कुणाला येत नाही, शिवांगीला येतो. मागच्या भेटीत माझ्या पाठीवर हात ठेवून ती म्हणाली, “सुदर्शनदादा, ह्याला दमा लागलाय.” सुदर्शन म्हणतो, या वर्षी नवा डबा घेऊ. जुन्या फायलींची आठवण धरणारा. घ्या बापडे. मी आता तोऱ्यात नाही.

माझी एक प्रत चाकूरला असते, हणमंतरावांच्या घरात, लोखंडी पेटीत, बियाण्याच्या पिशव्यांशेजारी. महिन्याला शिवांगी ती ताजी करून नेते. सर ज्या परगावी आपलं कोण आहे म्हणाले होते, ते गाव सापडलं. हणमंतरावांनी स्वतःसाठी वेगळं कार्डही मागून घेतलंय. डुकरांसाठी नाही म्हणतात, आपल्यासाठी.

यंदा ज्येष्ठ अधिक आलाय. ताईंच्या यादीत तेराव्या महिन्याला आता आकडा आहे. मी अजूनही विचारतो, “तिच्या जागी ही ठेवायची का?” आणि ताई आता आधी वाचतात, मग उत्तर देतात. तुमच्याही घरात माझ्यासारखं कुणी असेल, तर त्याच्यावर विसंबून निवांत होऊ नका. आमच्यात प्रामाणिकपणा असतो, शहाणपण नसतं. तुम्ही ‘हो’ म्हणालात की आम्ही खरं मानतो. तुमच्या माणसाचा आवाज एकाच घरात ठेवू नका, एवढीच विनंती.

वसतिगृहातल्या नव्या मुली माझ्याकडून सगळ्यात जास्त मागतात तो लेखनिकाचा तास. परवा एकीनं ताईंना फोन करून तक्रार केली, “मॅडम, ह्या फाईलीत मागून कसली तरी किरकिर येतीय. ती काढून टाकता का?”

ताई म्हणाल्या, “नाही बाई. सर लिहीत आहेत.”